घरबसल्या कमाईची आमिषे : खरे काम आणि फसवे काम कसे ओळखाल?

‘घरबसल्या पैसे कमवा’, ‘मोकळ्या वेळेत महिना तीस हजार’, ‘शिक्षणाची अट नाही, अनुभवाची गरज नाही’, अशा जाहिराती आपल्याला नवीन नाहीत. पूर्वी त्या लोकलच्या डब्यात, विजेच्या खांबावर आणि वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत दिसत. पत्ता टपालपेटीचा असे आणि माहितीपत्रक हवे असेल तर आधी मनिऑर्डर करावी लागे. माहितीपत्रक आले तर आले, नाही तर गेले पैसे. आज तीच जाहिरात व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर आणि टेलिग्रामवर येते. फरक एवढाच की पूर्वी मनिऑर्डर पन्नास-शंभर रुपयांची असे. आता घरची सगळी पुंजी एका दुपारी फोनमधून निघून जाते.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण आहे. आपल्याकडील अनेक धंदे घरकामावरच उभे आहेत. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांसाठी कांड्या भरणे, तयार कपड्यांना काज-बटण करणे, जरीचे व भरतकामाचे तुकडे पुरे करणे, विड्या वळणे, पापड लाटणे ही कामे आपल्या घरांतील माता-भगिनी वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. त्यामुळे ‘घरी बसून काम’ हे शब्द आपल्याला खोटे वाटत नाहीत. नेमका याच विश्वासाचा फायदा फसवणारे घेतात. म्हणून खऱ्या घरकामाची रीत काय आणि फसव्या कामाची रीत काय, हे व्यापाऱ्याच्या नजरेने एकदा नीट पाहिले पाहिजे.

पैसा कोणाकडून कोणाकडे जातो?

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात पक्की कसोटी पैशाच्या दिशेची आहे. खऱ्या कामात पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे जातो. कारखानदार कापड देतो, धागा देतो, मोजून माल घेतो आणि डझनामागे मजुरी देतो. विडी कारखान्यात पान-तंबाखू कारखाना देतो, मजूर विड्या आणून देतो. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मळलेले पीठ वजन करून भगिनी घरी नेतात, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून देतात, वजन होते आणि लाटण्याची मजुरी मिळते.

फसव्या कामात ही दिशा उलटी असते. काम मिळण्याआधीच काम करणाऱ्याने पैसे द्यायचे असतात. नावे अनेक असतात. नोंदणी फी, ओळखपत्राचा खर्च, ट्रेनिंग फी, कुरिअरचा खर्च, सॉफ्टवेअरची किंमत, परत मिळणारे डिपॉझिट, खाते सुरू करण्याचा टॅक्स. नाव कोणतेही असो, अर्थ एकच आहे. ज्याला कामगार हवा आहे तो कामगाराकडून पैसे मागत नाही. नव्या माणसाच्या हाती माल देताना कारखानदार फार तर ओळखीचा माणूस मागतो. कोणी डिपॉझिट घेतोच तर ते समोरासमोर, पावती देऊन आणि त्याच वेळी हातात माल ठेवून घेतो. न पाहिलेल्या माणसाला, न पाहिलेल्या कामासाठी आधी पैसे पाठवणे हा व्यवहार नव्हे. आपल्या दुकानात आपण असा सौदा कधी करू का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आता या फसवणुकीचे आज चालणारे मुख्य प्रकार पाहू.

१) पॅकिंगचे काम

गेली काही वर्षे नामांकित पेन्सिल कंपन्यांच्या नावाने एक जाहिरात फिरत आहे. घरी पेन्सिली डब्यांत भरा, महिना तीस हजार मिळवा, पंधरा हजार आधीच देऊ, माल घरपोच येईल. फोन केला की पाच-सहाशे रुपयांची नोंदणी मागतात. मग ओळखपत्राचे पैसे, मग माल घेऊन येणाऱ्या गाडीचे पैसे. ‘गाडी तुमच्या शहराच्या नाक्यावर उभी आहे, पावतीचे दोन हजार पाठवा म्हणजे सुटेल’ असे सांगतात. माल कधीच येत नाही.

येथे साधा हिशेब करून पाहावा. महिना तीस हजार म्हणजे दिवसाला एक हजार. एक बाई दिवसाला दोनशे डब्या भरते असे धरले, तर एका डबीमागे पाच रुपये मजुरी झाली. दहा पेन्सिलींची डबी दुकानात पन्नास-साठ रुपयांना विकली जाते. त्यात लाकूड, शिसे, रंग, छपाई, वाहतूक, घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्याचा नफा सगळे आले. नुसती डबी भरण्यासाठी किमतीचा दहावा हिस्सा कोणता कारखानदार देईल? शिवाय असे कारखाने पॅकिंग आपल्याच आवारात करतात. लाखो डब्या गल्लीबोळांतील घरांत पाठवून परत गोळा करण्याचा खर्च त्यांना परवडणारा नाही. ज्याने कधी बाजारात माल विकला आहे त्याला हा हिशेब पाच मिनिटांत कळतो. अडचण अशी की तो करण्याआधीच पैसे पाठवले जातात.

२) ‘यंत्र घ्या, माल आम्ही घेऊ’

हा प्रकार कारागिरांसाठी सर्वांत धोक्याचा आहे, कारण यात यंत्र खरे असते. अगरबत्ती, मेणबत्ती, कापसाच्या वाती, कागदी प्लेट किंवा द्रोण यांचे यंत्र कंपनी विकते. कच्चा माल आम्हीच देऊ, तयार माल आम्हीच घेऊ, असा करार होतो. पहिल्या महिन्यात माल घेतला जातो आणि पैसेही मिळतात. ती बातमी मोहल्ल्यात पसरते, नातेवाईक यंत्रे घेतात. मग माल ‘दर्जात बसत नाही’ म्हणून परत येऊ लागतो आणि एक दिवस कार्यालयाला कुलूप दिसते. २०२२ साली हैदराबादेत वाती वळण्याच्या यंत्रांच्या अशाच योजनेत शेकडो कुटुंबे अडकली. अनेकांनी यंत्रासाठी कर्ज काढले होते.

या योजनेत कंपनीचा नफा माल विकण्यात नसतो, यंत्र विकण्यात असतो. हे ओळखण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, त्याच क्षमतेचे यंत्र खुल्या बाजारात केवढ्याला मिळते ते विचारावे. विकणारा दुप्पट-तिप्पट सांगत असेल तर बाकीचे सारे त्यात आले. दुसरा, तयार माल बाजारात घाऊक भावाने किती किमतीला जातो ते पाहावे. कंपनी बाजारभावापेक्षा जास्त देण्याचे कबूल करीत असेल तर तो जास्तीचा पैसा कोठून येणार? तो नव्या यंत्रांच्या विक्रीतून येतो आणि विक्री थांबली की तोही थांबतो. तिसरा, कंपनीने माल घेणे बंद केले तर हा माल मी स्वतः कोणाला विकू शकेन, हा प्रश्न विचारावा. याचे उत्तर नसेल तर यंत्र घेऊ नये.

३) लाईक करा, रेटिंग द्या : टास्कची फसवणूक

आज सर्वांत मोठी रक्कम या मार्गाने जाते. अनोळखी क्रमांकावरून गोड भाषेत निरोप येतो. यूट्यूबवरील व्हिडिओ लाईक करा, गुगल मॅपवर हॉटेलांना चांगले रेटिंग द्या, प्रत्येक कामाला पन्नास रुपये. तीन कामे केली की खरोखरच दीडशे रुपये खात्यात येतात. येथेच माणूस फसतो. पैसे आले म्हणजे कंपनी खरी, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते दीडशे रुपये म्हणजे गळाला लावलेले आमिष असते, आणि अनेकदा ते दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाच्या पैशातून आलेले असते.

त्यानंतर टेलिग्रामच्या गटात घेतले जाते. तेथे शेकडो ‘सदस्य’ आपल्या कमाईचे फोटो टाकत असतात. त्यांतील बहुतेक सगळे एकाच टोळीचे असतात. मग सांगतात की जास्त कमाईसाठी आधी थोडे पैसे भरावे लागतात. पुढे काय होते ते उदाहरणाने मांडतो. समजा एकाने १,००० रुपये भरले, त्याला १,३०० मिळाले. ३,००० भरले, ३,९०० मिळाले. आता विश्वास बसला. पुढच्या वेळी २५,००० भरायला सांगितले. पडद्यावर त्याचे ४०,००० झालेले दिसतात, पण काढता येत नाहीत. तीन कामांचा संच आहे, तो पुरा करायला आणखी ६०,००० भरा. भरले. मग म्हणतात, तुमच्या हातून चूक झाली, खाते गोठले, ते सोडवायला आणि टॅक्ससाठी १,१०,००० भरा. एकूण त्याने दिले १,९९,०००. त्याच्या हाती आले पहिल्या दीडशेसह ५,३५०. तोटा १,९३,६५० रुपये. पडद्यावर मात्र अजूनही तीन लाख जमा दिसतात.

हे पडद्यावरचे आकडे म्हणजे बँकेतील शिल्लक नव्हे. तो टोळीनेच बनवलेला फलक असतो, त्यावर वाटेल तो आकडा लिहिता येतो. पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात असे कोणी म्हणाले, की तेथेच थांबावे. कर असो वा दंड, खऱ्या ठिकाणी तो तुमच्या रकमेतून कापला जातो. आणखी एक गोष्ट पाहावी. माणूस पुढे-पुढे पैसे भरतो तो नेहमीच हव्यासापोटी भरत नाही. बहुतेक वेळा आधीचे अडकलेले पैसे सोडवायला तो भरतो. म्हणून गेलेल्या पैशामागे आणखी पैसे टाकू नयेत, हा व्यापारातील जुना नियम येथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा अर्धवेळ नोकरीच्या आणि गुंतवणुकीच्या नावाने फसवणूक करणाऱ्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या. परंतु अशी वेबसाइट पुन्हा नव्या नावाने काढायला वेळ लागत नाही. म्हणून नावे पाठ करण्यापेक्षा पद्धत ओळखणे महत्त्वाचे.

ही पद्धत अगदी नवीही नाही. स्पीक एशिया नावाच्या कंपनीत लोक ११,००० रुपये भरून इंटरनेटवर ‘सर्वेक्षणाचे फॉर्म’ भरत आणि नवे सदस्य आणत. २०११ साली पैसे देणे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, आणि देशभरातील लाखो लोकांचे पैसे अडकले. अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई केली आहे. कामाची कमाई कामापेक्षा नवी माणसे आणण्यावर जास्त अवलंबून असेल, तर ते काम नव्हे, साखळी आहे.

४) फॉर्म भरण्याचे काम आणि ‘वकिलाचा’ फोन

हा प्रकार शिकलेल्या मुलामुलींना गाठतो. ‘डेटा एंट्रीचे काम आहे, पैसे काही भरायचे नाहीत.’ एक करारपत्र पाठवतात, त्यावर फोनवरच सही घेतात, आधार कार्डाचा फोटो घेतात. मग पाच-सात दिवसांत शेकडो फॉर्म नव्वद टक्क्यांहून अधिक बिनचूक भरायचे असतात. मुलगी रात्रंदिवस बसून भरते. शेवटी निकाल येतो, चुका जास्त आहेत. चुका मोजणारे तेच, दाखवणारेही तेच. नंतर ‘कंपनीचे वकील’ फोन करतात. करार मोडला आहे, पाच-सहा हजार भरा, नाही तर कोर्टात केस होईल, पोलीस घरी येतील, अटक होईल.

येथे पैशापेक्षा अब्रूच्या भीतीवर धंदा चालतो. घरी पोलीस येतील या विचाराने मुलगी कोणाला न सांगता पैसे भरते, आणि एकदा भरले की मागणी वाढते. म्हणून कायदा थोडक्यात समजून घ्यावा. करार पाळला नाही हा दिवाणी वाद आहे. त्यासाठी पोलीस कोणाला अटक करीत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे फसवून घेतलेली संमती असलेला करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय योग्य तेवढीच भरपाई देते. लिहिलेला आकडा आपोआप वसूल होत नाही. आणि वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचे समन्स नव्हे.

समन्सवर न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक आणि शिक्का असतो. तो क्रमांक खरा आहे की नाही हे न्यायालयात किंवा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहता येते. खरे समन्स आले तर मात्र दुर्लक्ष करू नये, वकिलाला दाखवावे. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. बनावट धमकीचे फोन आणि संदेश जपून ठेवावेत. तेच पुढे पुरावा होतात.

५) ‘फक्त तुमचे खाते वापरू द्या’

व्यापारी बंधूंनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. घरबसल्या कमाईचा सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत घातक प्रकार हा आहे. काहीच काम नाही. तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, शेकडा एक-दोन रुपये तुमचे. किंवा तुमचे चालू खाते, त्याचे सिमकार्ड आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला द्या, भाडे घ्या. दुकानाच्या चालू खात्यात मोठ्या रकमा ये-जा करतात, त्यावर लगेच संशय येत नाही, म्हणून अशा खात्यांना मागणी असते.

ते पैसे कोणाचे असतात? वर सांगितलेल्या टास्कमध्ये फसलेल्या माणसाचे. त्याने तक्रार केली की पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला त्या प्रत्येक खात्याचा माग लागतो. रक्कम अडवली जाते, खाते गोठवले जाते, आणि दुसऱ्या राज्यातील पोलिसांची नोटीस घरी येते. टोळीचा सूत्रधार कधी सापडतो, कधी सापडत नाही. खातेदार मात्र नावपत्त्यासह हाती असतो. ‘मला माहीत नव्हते’ हे सांगणे सोपे, सिद्ध करणे अवघड. आपले बँक खाते ही आपल्या नावाची अमानत आहे. भाचा असो, मित्र असो, गिऱ्हाईक असो, खाते आणि क्यूआर कोड दुसऱ्याच्या व्यवहारासाठी देऊ नये.

प्रामाणिक दुकानदाराचेही खाते कधी यात अडकते. कोणी अनोळखी गिऱ्हाईक फसवणुकीच्या पैशातून माल घेऊन जातो आणि नंतर दुकानदाराच्या खात्यातील रक्कम अडवली जाते. अशा वेळी घाबरून दलाल गाठू नये. बँकेला लेखी पत्र देऊन तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणे आणि अडवलेली नेमकी रक्कम विचारावी. त्या पोलीस ठाण्याला बिल, पावती, माल दिल्याची नोंद पाठवावी आणि पोच ठेवावी. म्हणूनच रोजच्या विक्रीचे पक्के बिल ठेवणे हे केवळ करासाठी नाही, स्वतःच्या बचावासाठीही आहे. खात्यात विनाकारण मोठी रक्कम आली आणि कोणी ‘चुकून आली, परत पाठवा’ म्हणाला, तर दुसऱ्या क्रमांकावर न पाठवता आधी बँकेला कळवावे.

आपल्या भाषेत बोलतो म्हणून आपला नव्हे

आणखी एक सावधगिरी. फसवणारे माणूस पाहून भाषा बदलतात. नावावरून ओळखून सलामाने सुरुवात करतात, ‘हलाल कमाई’, ‘पडद्यात राहून काम’ असे शब्द वापरतात, रमजानच्या आधी खास योजना आणतात. २०१९ साली बंगळुरूची आयएमए ही संस्था बंद पडली तेव्हा व्याज नको म्हणून तेथे पैसे ठेवणारी हजारो मुस्लिम कुटुंबे बुडाली. ते प्रकरण गुंतवणुकीचे होते, कामाचे नव्हते. परंतु धडा तोच आहे. सलाम आणि गोड शब्द हा सचोटीचा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे पत्ता, हिशेब आणि समोर बसून बोलण्याची तयारी. गटात निरोप टाकणारा आपला नातेवाईक असला तरी त्याने स्वतः किती महिने काम केले आणि स्वतःच्या खात्यात किती पैसे घेतले, हे विचारावे. न तपासता निरोप पुढे पाठवू नये. आपल्या नावावर विश्वास ठेवून कोणी बुडाला तर त्याचा बोजा आपल्यावरही येतो.

काम स्वीकारण्याआधी हे विचारा

एक, काम देणाऱ्याचा पत्ता कोणता, आणि तेथे जाऊन कोणी पाहिले आहे का? फक्त फोन क्रमांक असेल तर नको.

दोन, मोठ्या कंपनीचे नाव सांगत असतील तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून खात्री केली का? जाहिरातीत दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

तीन, पैसे कोणाच्या नावावर मागतात? कंपनीचे नाव एक आणि पैसे घेणारे खाते भलत्याच व्यक्तीच्या नावाचे, हे फसवणुकीचे ठळक लक्षण आहे.

चार, जीएसटी क्रमांक किंवा कंपनीचा नोंदणी क्रमांक दिला असेल तर तो सरकारी पोर्टलवर तपासला का? मात्र नोंदणी खरी असली म्हणजे माणूस प्रामाणिक आहे असे समजू नये. दुसऱ्याचा क्रमांकही वापरला जातो.

पाच, घाई करतात का? ‘आजच शेवटचा दिवस’, ‘दहाच जागा’, ‘घरी कोणाला सांगू नका’. खऱ्या कामाला कामगाराच्या घरच्यांपासून लपण्याचे कारण नसते.

सहा, कागदपत्रे कशासाठी मागतात? आधार आणि पॅनच्या प्रतींवर सिमकार्डे घेतली जातात, खाती आणि फर्मही उघडल्या जातात. प्रत द्यावीच लागली तर त्यावर कारण आणि तारीख लिहून सही करावी. ओटीपी आणि यूपीआयचा पिन कोणालाही देऊ नये. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते, आणि संशयित फोन-संदेशाची माहितीही तेथेच देता येते.

सरकारी योजनांच्या नावानेही असेच पैसे मागितले जातात. छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी मोफत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, लोहार, सुतार, चांभार, गवंडी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे, आणि तिची नोंदणीही मोफत आहे. ‘शिलाई मशीन मंजूर झाले, हजार रुपये भरा’ असे कोणी म्हणाले तर ते खोटे समजावे.

फसवणूक झालीच तर

पहिले काम, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात काही मिनिटांत फिरवला जातो. तो बाहेर पडण्याआधी कळवले तर वाटेत अडवता येतो. म्हणून ‘उद्या भाईंना विचारून करू’ असे म्हणू नये, त्याच तासात करावे. दुसरे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपावा. तिसरे, आपल्या बँकेला फोन करून लेखीही कळवावे. चौथे, संदेश, फोन क्रमांक, व्यवहाराचे क्रमांक, पडद्याचे फोटो काहीही पुसू नये. रागाने गट सोडू नये, आधी सगळे जतन करावे.

त्यानंतर पोलीस ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदवून घेतली पाहिजे. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, आणि संगणक वा मोबाईलद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड लागते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा दुसरा हप्ता समजावा.

शेवटी घरातील कर्त्या माणसांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशा फसवणुकीत पैसा जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे फसलेली मुलगी, सून किंवा धाकटा भाऊ बोलत नाही. रागावतील, दागिने विचारतील, नातेवाईकांत हसू होईल या भीतीने दोन हजारांचे दोन लाख होईपर्यंत गप्प राहतो. फसवणाऱ्याचे खरे भांडवल ही गप्प बसण्याची सवयच आहे. ज्या घरात पहिल्या दिवशी, पहिल्या पाचशे रुपयांना सांगता येते, त्या घरात नुकसान पाचशेवरच थांबते. म्हणून घरी आजच सांगून ठेवावे : कुठे पैसे अडकले तर रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.

आणि ज्या कारखानदारांकडे, व्यापाऱ्यांकडे देण्यासारखे घरकाम आहे त्यांनी ते मोहल्ल्यात उघडपणे सांगावे. कोणते काम, डझनाला किती मजुरी, पगार कोणत्या दिवशी. महिला बचत गटांमार्फत ते वाटले तर आणखी चांगले. भगिनींना कामाची गरज आहे म्हणूनच त्या अनोळखी जाहिरातीकडे वळतात. जवळ प्रामाणिक काम आणि वेळेवर मजुरी मिळू लागली, तर दूरच्या आमिषाला कोणी भुलणार नाही.